हवे तेव्हा फिरणारे, हवे तेव्हा रोवून राहणारे कामाचे टेबल

ठाण्याच्या उत्तरेस नाशिककडे जाणारा जुना आग्रा रस्ता व घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, तेथे माजिवडा वसले आहे. पूर्वीचे हे गाव आज शहरात मिसळून गेले असून तेथे हातभर जागाही मोलाची झाली आहे. भिवंडी, शहापूर, मुरबाड या भागांत मात्र अद्याप भाताची शेती होते. पावसाळा तोंडावर आला की पॉवर टिलर, फवारणी पंप, मळणीयंत्र यांची दुरुस्ती अंगावर येते. रोपे लावणीस आली आणि यंत्र उघडून पडले, तर गेलेले चार दिवस पुन्हा हाती येत नाहीत. अशा वेळी दुरुस्तीच्या लहानशा गाळ्यात भरभक्कम टेबल असणे अगत्याचे ठरते.

आपल्याकडील गावसुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करीत आला आहे. लाकडाच्या कामास ती रीत पुरते. परंतु इंजिन उघडणे, लोखंड कापणे, कानस चालविणे या कामांना उंच व स्थिर आधार लागतो. स्थिर टेबल जड असते व यंत्र आत घेताना ते वाटेत येते. पायांना चाके लावली तर ते हलते खरे, पण करवतीच्या वा कानशीच्या प्रत्येक झटक्यास सरकते. शेगड्यात धरलेला भाग आणि हातातील हत्यार यांचा मेळ चुकला की बोटावर घाव बसतो. म्हणून हलविताना चाकांवर आणि काम करताना पायांवर उभे राहील असे टेबल करणे हाच योग्य उपाय होय.

मापे व लाकूड

टेबल १५० सेंटिमीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद व ८५ सेंटिमीटर उंच असावे. पाय ९ सेंटिमीटर चौरस आणि वरच्या फळ्या ४ सेंटिमीटर जाड घ्याव्यात. साग उत्तम; ऐनही चालतो, पण तो जड असतो. लाकूड चांगले वाळलेले असावे, नाहीतर कोकणच्या दमट हवेत सांधे सैल होतात. पायांना खाचा पाडून आडव्या पट्ट्यांची टोके त्यांत घट्ट बसवावीत. शेगडा पायाच्या जवळ, त्याच्या वरच्या अंगास बसवावा. मधोमध बसविल्यास फळी लवते.

टेबल, शेगडा व हत्यारे मिळून वजन १२० किलोच्या घरात जाते. जमीन उंचसखल असेल तर हा सारा भार क्षणभर दोनच चाकांवर येऊ शकतो. यास्तव प्रत्येक चाक निदान ८० किलो पेलणारे घ्यावे. चाके चारी दिशांस वळणारी, ७५ मिलिमीटर व्यासाची असावीत.

चाकपट्टीची रचना

टेबलाच्या दोन्ही टोकांना, पायांच्या बाहेरील अंगास, २५ सेंटिमीटर रुंदीची फळी बोल्टांनी आवळावी. तिची खालची कड जमिनीपासून सुमारे ८ सेंटिमीटर असावी. या फळीस २२ सेंटिमीटर रुंद व ४ सेंटिमीटर जाड अशी चाकपट्टी भक्कम बिजागऱ्यांनी जोडावी. बिजागऱ्या चाकपट्टीच्या वरच्या कडेस लावाव्यात. मग पट्टी बाहेरून वर उचलता येते. परंतु खाली दाबताना आडवी होताच तिची आतली कड फळीस टेकते व ती पुढे दबत नाही. पट्टीखाली, फळीपासून ७ सेंटिमीटरवर, दोन चाके बसवावीत.

बिजागरीची जागा काढण्याचा हिशेब सोपा आहे. चाकाच्या पूर्ण उंचीत पट्टीची जाडी मिळवावी व टेबल जितके उचलावयाचे तितके वजा करावे. चाक १० सेंटिमीटर, पट्टी ४ सेंटिमीटर व उचल १ सेंटिमीटर असेल, तर पायाच्या तळापासून १३ सेंटिमीटरवर रेघ आखावी. आडव्या पट्टीची वरची बाजू या रेघेशी आली पाहिजे.

पट्टीच्या बाहेरील कडेवर पाय दिला की चाक टेकणीसारखे काम करते व टेबलाचे ते टोक उचलले जाते. एका टोकाचा भार ६० किलो धरला, तर ७ व १५ सेंटिमीटर या अंतरांच्या प्रमाणाने सुमारे २८ किलोचा दाब पुरतो.

उचललेले टोक धरून ठेवण्यास टेकू हवा. फळीच्या वरच्या भागी बाहेर आलेली आधारपट्टी बोल्टांनी बसवून तिच्याखाली दोन टेकू बिजागरीने लोंबते ठेवावेत. प्रत्येक टेकू चाकाच्या डोक्यावर यावा. म्हणजे भार चाकातून टेकूत जातो व पट्टीच्या बिजागऱ्यांवर ताण येत नाही. टेकूचे खालचे टोक किंचित आत झुकलेले ठेवून त्यामागे अडसर ठोकावा. दोन्ही टेकू काठीने जोडून त्यांस एक दोरी बांधावी. टेकू दोन मिलिमीटर आखूड कापावेत, म्हणजे ते जागी सहज पडतात.

वापरताना घ्यावयाची खबरदारी

टेबल हलविण्यापूर्वी वरील जड वस्तू उतरवाव्यात. प्रथम एक टोक, मग दुसरे टोक उचलावे. खाली ठेवताना पट्टी पायाने दाबून धरावी, दोरी ओढून टेकू बाजूस घ्यावेत आणि पाय हळूहळू सैल करावा. पाय एकदम काढल्यास पट्टी उसळून नडगीस लागते. पट्टी व फळी यांमध्ये बोटे घालू नयेत. पट्ट्या टेबलाच्या टोकाबाहेर येतात, म्हणून त्यांस पिवळा रंग द्यावा. मातीच्या जमिनीत चाके रुततात. तेथे शहाबादी फरशी अंथरावी.

पहिल्या दिवशी टेबलावर भाताची दोन पोती ठेवून चारही पाय टेकले आहेत काय, हे कागदाचा तुकडा पायाखाली सरकवून पाहावे. कागद सरकला तर तो पाय अधांतरी आहे असे समजावे व त्याखाली पातळ पत्रा द्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चाचणी आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. ती पुरी झाल्यावाचून टेबलावर करवत चालवू देऊ नये.