बत्तीस पूर्णांक एक

दोहातल्या आमच्या बांधकामावर एका तिकाटण्यावर काळा गोळा, ओली वात आणि साधा तापमापक असं त्रिकूट उभं असतं. तिघांचं मिळून जे तापमान निघतं त्याला 'वेट बल्ब ग्लोब' म्हणतात. त्यात ओल्या वातीचा वाटा तब्बल ७० टक्के. हवा दमट असली की माठातलं पाणी गार होत नाही, तसा अंगावरचा घामही सुकत नाही.

कतारच्या २०२१ च्या नियमानुसार १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. शिवाय हा आकडा ३२.१ अंशांपुढे गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवायचं. ऑगस्टमध्ये सूर्य मावळल्यावरही समुद्रावरची दमट हवा आकडा चढवते. घड्याळाला हे कसं कळणार?

आमचं यंत्र आकडा सतत फोनवर पाठवतं. स्लॅब अर्धा ओतून थांबलो तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा राहतो, मिक्सरमधला माल वाया जातो तो वेगळाच. आकडा चढताना दिसला की आम्ही गाड्याच मागवत नाही. कंपनीचा फायदा तो हा.

माझ्या लेखी मोठा हिशेब दुसराच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या माहितीनुसार, कतार रेड क्रेसेंटच्या दवाखान्यांत उष्णतेच्या त्रासाने आलेले कामगार २०२० च्या उन्हाळ्यात १,५२० होते, २०२२ मध्ये ३५१. सगळं श्रेय यंत्राचं नाही. उन्हातले तासच नियमाने घटले. पण "अजून अर्धा तास रेटू या" म्हणणाऱ्या फोरमनशी पूर्वी वाद घालावा लागे. आता आकडा त्याच्याच फोनवर असतो.