इटास्काच्या रानवाटा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात इटास्का नावाचे सरोवर आहे. मिसिसिपी नदी येथेच उगम पावते. उगमापाशी ती इतकी उथळ व अरुंद आहे की दगडांवर पाय देत लहान मूलही ती ओलांडू शकते. १८३२ साली ओझाविंडिब या ओजिब्वे जमातीच्या वाटाड्याने हेन्री स्कूलक्राफ्ट यास येथवर आणले. इतिहासात शोधाचा मान स्कूलक्राफ्टला मिळाला. वाट मात्र वाटाड्याच्या परिचयाची होती.

१८९१ मध्ये सरोवराभोवतालचे अरण्य राज्य उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. आज त्याचा विस्तार सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. तांबड्या व पांढऱ्या पाइनचे पुराण वृक्ष हे त्याचे वैभव होय. परंतु कायदा झाला म्हणून कुऱ्हाड थांबली नाही. उद्यानाच्या हद्दीत पुढेही अनेक वर्षे वृक्षतोड चालू राहिली. ओंडके वाहून नेण्यासाठी नदीवर बंधारा घालण्यात आला. त्यामुळे सरोवराचे पाणी फुगून काठची झाडे मरू लागली. १९०३ मध्ये उद्यानाची व्यवस्था मेरी गिब्ज या २४ वर्षांच्या तरुणीकडे होती. बंधाऱ्याची दारे उघडावीत, असा आग्रह तिने धरला आणि लाकूडतोड्यांच्या धमक्यांना न जुमानता ती स्वतः तेथे गेली. तिची कारकीर्द काही महिन्यांचीच ठरली.

आता भय कुऱ्हाडीचे नाही, पावलांचे आहे. झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. सतत तुडवल्याने माती घट्ट होते, तीत हवा व पाणी शिरेनासे होते आणि वृक्ष हळूहळू खंगतो. म्हणून आखीव वाट ही केवळ प्रवाशाची सोय नव्हे. जमिनीची एक अरुंद पट्टी पावलांच्या स्वाधीन करून बाकीचे अरण्य त्यांच्यापासून वाचविण्याची ती युक्ती आहे.

प्रवासाच्या प्रकारानुसार वाटेची रचना बदलते. पायवाट उतारावरून सरळ खाली न नेता आडवी नेतात. नाहीतर पावसाचे पाणी तिचाच ओहोळ करते. दलदलीवर लाकडी फळ्या टाकतात. सायकलचे चाक मऊ मातीत अखंड चर पाडते व त्या चरातून पाणी धावू लागते. म्हणून इटास्कात सायकलींसाठी फरसबंद वाट व रस्तेच ठेवले आहेत. सरोवराच्या पूर्वेकडून उगमापर्यंत जाणारी सुमारे ९ किलोमीटरची सायकलवाट आणि पश्चिमेकडील सुमारे १६ किलोमीटरचा एकेरी रस्ता मिळून एक संपूर्ण फेरी होते.

हिवाळ्यात जमीन गोठते आणि बर्फाचे जाड आच्छादन तिचे रक्षण करते. तेव्हा काही वाटा स्कीवरून जाणाऱ्यांसाठी सज्ज केल्या जातात. यंत्राने बर्फ दाबून त्यात दोन समांतर खोबणी पाडतात. त्यांतून स्की सहज सरकते. अशा वाटेवर कोणी पायी चालल्यास पावलांचे खळगे पडतात, रात्री ते गोठून टणक होतात आणि मागून येणारा स्कीपटू त्यांत अडखळून पडतो. म्हणून पायी फिरणाऱ्यांना तेथे मज्जाव असतो. या वाटांच्या देखभालीसाठी १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकास परवाना काढावा लागतो.

तथापि केवळ जुने वृक्ष जपून अरण्य टिकत नाही; त्यांची जागा घेणारी रोपे वाढावी लागतात. तांबड्या पाइनचे बी रुजण्यास मोकळी जमीन व भरपूर उजेड लागतो. पूर्वी मधूनमधून लागणारे वणवे ही तयारी करीत. वणवे विझविण्याची व्यवस्था झाली आणि नवी रोपे कमी झाली. जी उगवली त्यांचे कोंब हरणांनी खाल्ले. आता ठरावीक जागी नियंत्रित आग लावतात व रोपांच्या शेंड्यांना कागदाच्या टोप्या घालतात. वाटेपासून चार पावलांवर असे एखादे वीतभर रोप उभे असते. वाट सोडून आत शिरणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही आणि त्याच्या एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ चिरडली जाते.