डब्याचे पूर्वायुष्य

नाशिकच्या गच्च्यांवर मातीच्या कुंड्यांपेक्षा आता इतर भांडीच अधिक दिसतात. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, टोमॅटोची कॅरेट, पाण्याचे जार आणि मधोमध कापलेले निळे ड्रम. त्यांत मेथी, पालक, मिरची, वांगी वाढतात आणि कठड्यावर दोडक्याचा वेल चढतो. टाकाऊ वस्तूला पुन्हा कामाला लावणारी ही परसबाग कौतुकास पात्र आहे. मात्र पोटात जाणारी भाजी ज्या भांड्यात वाढते, त्याची पारख करणे हेही बागकामाचेच एक अंग आहे.

प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने रूढ केली. पाण्याच्या पातळ बाटल्यांवर १ असतो. कॅन, ड्रम व कॅरेट ही दाट पॉलिएथिलीनची, म्हणून त्यांवर २. पीव्हीसीला ३, पिशव्यांच्या विरळ पॉलिएथिलीनला ४, पॉलिप्रॉपिलीनच्या डब्या-बादल्यांना ५, पॉलिस्टायरीनला ६. उरलेले सारे ७ मध्ये येतात. बिस्फेनॉल-ए या घटकापासून बनणारे पॉलिकार्बोनेटही त्यांतच. यांपैकी २, ४ व ५ अधिक विश्वासार्ह मानले जातात. त्यांचा मूळ रेणू केवळ कार्बन आणि हायड्रोजनचा असतो व त्यांना लवचीक करण्यासाठी वेगळा मृदुकारक मिसळावा लागत नाही. मऊ पीव्हीसीत मात्र थॅलेट वर्गातील मृदुकारक घालतात. ते मूळ रेणूला बांधलेले नसल्याने हळूहळू पाझरतात. पीव्हीसीच्या जुन्या नळ्यांत स्थिरकारक म्हणून शिशाची संयुगेही असू शकतात; नळ्यांत पालेभाजी लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दाट पॉलिएथिलीन सौम्य दाबाखाली तयार करण्याची रीत जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी इटलीत ज्युलिओ नत्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन घडवले. दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधांची फळे आज पंचवटीतल्या गच्चीवर पालक सांभाळत आहेत, ही गोष्ट मला खरोखर विस्मयाची वाटते.

भांड्यातील द्रव्य झाडात किती उतरते, हे त्या द्रव्याच्या स्वभावावर ठरते. तेलात विरघळणारे मोठे रेणू मातीतील सेंद्रिय अंशाला चिकटून राहतात. ते मुळांच्या सालीपर्यंत पोहोचले, तरी फळापर्यंत फारसे चढत नाहीत. म्हणून प्लॅस्टिकच्या जातीविषयी शंका असलेल्या भांड्यात गाजर-मुळ्यापेक्षा टोमॅटो कमी धोक्याचा. जड धातूंची गोष्ट निराळी. काही जुन्या भडक पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांत असणारे कॅडमियम मातीत उतरले, तर पालकासारखी पालेभाजी ते सहज शोषून घेते. खतमाती सकस आणि कुजलेल्या पाल्याने भरलेली असणे हा यावरचा एक चांगला अटकाव आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाची बाब बुडाच्या अंकात लिहिलेली नसते. तो अंक भांड्याची जात सांगतो, त्याचे पूर्वायुष्य सांगत नाही. खाद्यतेलाचा डबा दाट पॉलिएथिलीनचा असतो आणि कीटकनाशकाचा कॅनही बहुधा त्याचाच. नाशिक जिल्ह्यात हा भेद नजरेआड करून चालणार नाही. द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. पुढे केवडा आणि भुरीसाठी फवारण्या सुरू होतात. औषधांचे रिकामे कॅन आणि ती कालवण्याचे २०० लिटरचे ड्रम बांधावर साचतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील ड्रमही भंगारात येतात. औषधाच्या वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असून त्याचा खालचा त्रिकोण विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार अशी रिकामी भांडी फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात, ती पुन्हा वापरात येऊ नयेत हाच त्यामागील हेतू. तीन वेळा धुतल्याने कॅन विल्हेवाटीस योग्य होतो, भाजी लावण्यास नव्हे. कारण औषधातील द्रावक प्लॅस्टिकच्या अंगात मुरलेले असतात आणि पुढे हळूहळू बाहेर येतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशापायी आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. एवढ्या सूक्ष्म हिशेबाची झळ सोसलेल्या जिल्ह्याने आपल्या घरच्या मेथीलाही तोच न्याय लावावा.

ड्रममध्ये पूर्वी काय होते, हे विकणाऱ्याला ठामपणे सांगता येत नसेल, तर त्यात खाण्याचे काही लावू नये. वास येत नाही, एवढा पुरावा पुरेसा नाही. असा ड्रम वाया मात्र जात नाही. गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहरात त्यात गुलाब लावावा.

ऊन हा आणखी एक विचार. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचे तापमान चाळिशी गाठते. अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनची साधी बादली एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि तिचे कण मातीत मिसळतात. काजळी मिसळलेले काळे प्लॅस्टिक अधिक टिकते, पण ते तापल्याने कडेची मुळे करपतात. भांड्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे व पश्चिमेच्या बाजूने सावली धरावी. नखाने दाबताच काठाचा तुकडा पडू लागला, की ते भांडे बदलावे.

माझी निवड विचाराल तर टोमॅटोचे कॅरेट. ते दाट पॉलिएथिलीनचे असते, फळांच्याच वाहतुकीत वापरलेले असते आणि जाळीमुळे पाणी तुंबत नाही. चांगले धुऊन आत गोणपाटाचे अस्तर लावावे, तळाशी वाळलेला पाला दाबून भरावा, वर खतमाती घालावी आणि कॅरेट दोन विटांवर ठेवावे, म्हणजे गच्चीवर ओल धरत नाही.