दुतोंड्या मारुती आणि माझा टू बीएचके

गोदेला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत. 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का?' एवढंच विचारतात. छातीला लागलं की समजायचं, मामला सीरियस! पण फ्लॅटमध्ये किती कमावलं हे मोजायला असा मारुती आपल्याकडे नाही. तिथे एकच डायलॉग चालतो, 'तीसला घेतला, एक्कावन्नला विकला!'

हा डायलॉग मीही रविवारच्या मिसळीवर भरपूर मारलाय. 2014 च्या दसऱ्याला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके घेतला. राहायला घर होतंच, हा निव्वळ इन्व्हेस्टमेंट म्हणून. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातले 8 लाख काढून दिले. 'जागेचा भाव कधी पडत नाही रे,' हा त्यांचा फंडा. 2024 च्या दिवाळीत विकला. दहा वर्षांत 21 लाख नफा. और क्या चाहिए?

मग एका संध्याकाळी एक्सेल उघडलं आणि सगळी हवाच गेली.

खरी किंमत, खरा परतावा

मुद्रांक शुल्क, नोंदणी, मीटर, किचन ट्रॉली धरून फ्लॅट पडला 33 लाखांना. एजंटची दलाली वजा जाता हातात आले 50. म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के! भाडं 9,000, पण मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम आणि रिकामे महिने वजा केले की उरायचे वर्षाला 66,000. म्हणजे घातलेल्या रकमेवर 2 टक्के. एकूण परतावा सव्वासहा.

आणि कर्ज? 20 लाख, सुरुवातीचा दर 10.15 टक्के, पंधरा वर्षं. ईएमआय साधारण 21,700. फ्लॅट कमावतोय सव्वासहा आणि बँक घेतेय दहा! परताव्यापेक्षा व्याज जास्त असलं की कर्ज आपल्या टीममधून खेळत नाही, बॉस. त्याच 2014-15 मध्ये पीपीएफला 8.7 टक्के होते. पुढे ते 7.1 वर आले, तरीही माझ्या फ्लॅटच्या पुढेच.

सर्वांत मोठा धक्का सीएंच्या ऑफिसात बसला. जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी कर भरायचा पर्याय आहे. 2014-15 चा निर्देशांक 240, 2024-25 चा 363. त्या हिशेबानं माझे 33 लाख झाले 49.9 लाख. 'टॅक्स जवळपास शून्य!' सीए म्हणाले. मी खूश. जिना उतरताना ट्यूब पेटली. टॅक्स नाही, कारण नफाच नाही!

रिस्क दिसत नाही, म्हणून नाही असं नाही

शेअरचा भाव रोज दिसतो, म्हणून धडधडतं. फ्लॅटचा दिसत नाही, म्हणून शांत झोप लागते. पण मला गिऱ्हाईक मिळायला सात महिने लागले, आणि गरज पडली म्हणून नुसती बाल्कनी विकता येत नाही. हातात 10 टक्के कमी आले असते, तर तेच सव्वाचार टक्के तीनच्या आसपास आले असते.

म्हणून घेण्याआधी चार गोष्टी करा. जाहिरातीतला रेट सोडा, शेजारच्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढून खरे भाव बघा. महारेरावर प्रोजेक्ट तपासा. नदीकाठी असेल तर पूररेषा विचारा, 2008 चा पूर आठवतोय ना? आणि हिशेब दोनदा मांडा, एकदा मनासारखा, एकदा भाडेकरू सहा महिने नाही असं धरून.

राहायला घर घेत असाल तर गणित वेगळं. तिथे भाडं वाचतं, आईला तुळस लावायला जागा मिळते. ते सुख एक्सेलमध्ये बसत नाही.

हे सगळं आत्ता का काढलं? धाकट्या भावाला मखमलाबादला फ्लॅट घ्यायचाय, इन्व्हेस्टमेंट म्हणूनच. '2026-27 चा सिंहस्थ आहे दादा, भाव वाढणारच!' डाऊन पेमेंटसाठी त्याची नजर बाबांच्या उरलेल्या एफडीवर. मी दोघांसमोर माझं शीट उघडलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, 'म्हणजे माझे आठ लाख आठच राहिले म्हण की.'

एफडी अजून बँकेतच आहे. भाऊ सध्या एक्सेल शिकतोय.