बांधकामातील उडत्या राखेचा वापर

उडती राख, म्हणजेच व्यवहारातील फ्लाय ॲश, ही औष्णिक वीज केंद्रात दळलेला कोळसा जाळल्यावर धुराबरोबर वर जाणारी अतिसूक्ष्म राख होय. धूर चिमणीतून बाहेर पडण्यापूर्वी स्थिरविद्युत यंत्रणेच्या साहाय्याने ती वेगळी केली जाते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असल्याने तिचे ढीग कोठे ठेवायचे हा प्रश्न वीजनिर्मितीइतकाच मोठा आहे. सिमेंट, काँक्रीट, विटा आणि रस्त्यांचे भराव यांत तिचा वापर होतो.

लोणावळ्याजवळील वलवण धरणाच्या पाण्यावर खोपोलीला जी वीज तयार होते, तिच्यामागे राख उरत नाही. मात्र मुंबईची गरज केवळ सह्याद्रीच्या पाण्यावर भागेना, तेव्हा ट्रॉम्बे येथे औष्णिक केंद्र उभे राहिले. राज्यात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, भुसावळ आणि नाशिकजवळील एकलहरे ही राखेची प्रमुख उगमस्थाने आहेत.

== राख सिमेंटचे काम कसे करते ==

राखेत प्रामुख्याने सिलिका व ॲल्युमिना असतात. केवळ पाणी घातल्याने ती सहसा घट्ट होत नाही. तिला चुन्याची जोड लागते. सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेत मोकळा चुना तयार होतो. एरवी तो काँक्रीटमध्ये फारसा उपयोगी पडत नाही. राखेतील सिलिका याच चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखाच बंधक पदार्थ निर्माण करते. या गुणाला पोझ्झोलानी गुण म्हणतात. हे नाव इटलीतील पोझ्झुओली येथील ज्वालामुखीच्या राखेवरून आले. भारतात सिमेंटपूर्व काळात चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळत असत. तिचे कार्य याच तत्त्वावर चाले. १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील आर. ई. डेव्हिस व सहकाऱ्यांनी काँक्रीटमधील उडत्या राखेवरील संशोधन प्रसिद्ध केले.

ही अभिक्रिया संथ असते. त्यामुळे राखमिश्रित काँक्रीटला सुरुवातीच्या दिवसांत ताकद कमी येते, पुढे मात्र ती वाढत राहते. उष्णताही कमी निर्माण होते. राखेचे कण गोलाकार असल्याने मिश्रण कमी पाण्यात सहज पसरते, आणि छिद्रे बुजत गेल्याने सळईपर्यंत पाणी व क्षार पोहोचणे अवघड होते.

== घाटघर ==

या गुणांचा महाराष्ट्रातील ठळक वापर घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पात झाला. अकोले तालुक्यातील घाटघर येथे वरचे धरण आणि घाटाखाली शहापूर तालुक्यात ८६ मीटर उंचीचे खालचे धरण आहे. भारतातील ही पहिली रोलर-दाबित काँक्रीटची धरणे होत. कोरडसर काँक्रीट थरांनी पसरून ते रस्त्याप्रमाणे रोलरने दाबले गेले. मिश्रणातील बंधक द्रव्यात निम्म्याहून अधिक वाटा राखेचा होता आणि ती एकलहरे केंद्रातून आणली गेली. एवढ्या मोठ्या ठोकळ्यात निव्वळ सिमेंट वापरले असते, तर आतील उष्णतेने तडे जाण्याचा धोका वाढला असता. कोळशाची राख येथे जलविद्युत केंद्राच्या पायाशी आली, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

== सिमेंट व विटा ==

बाजारात पीपीसी या नावाने मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असते. राख, चुना व जिप्सम यांच्या विटा दाबयंत्रावर पाडतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि शेतातील सुपीक मातीही वाचते. वजनाने हलक्या एएसी ठोकळ्यांतही राख हा मुख्य घटक असू शकतो. ॲल्युमिनियमच्या पुडीमुळे त्यांत वायूचे बुडबुडे तयार होतात.

== मर्यादा ==

राखेवर येणारा दोष पुष्कळदा हलगर्जीपणाचा असतो. मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर राखमिश्रित काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी मारावे लागते. प्रत्यक्षात घाईने ते आधीच थांबवले जाते आणि पृष्ठभाग ठिसूळ राहतो. साचे लवकर काढणेही धोक्याचे असते. राखेत न जळलेला कोळसा जास्त असल्यास ती काँक्रीटसाठी निरुपयोगी ठरते. पाण्याबरोबर तलावात सोडलेली ओली, जाड राख भरावासाठी चालते; सिमेंटच्या जागी ती सरसकट वापरता येत नाही.

न वापरलेली राख तलावांत साठते. तिच्यातून आर्सेनिकसारखी द्रव्ये पाण्यात झिरपू शकतात, आणि उन्हाळ्यात तिची धूळ उडते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटून राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत शिरले होते.

== नियम ==

१४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिसरातील मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. ही मर्यादा २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वीकारले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर प्रतिटन १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरवली. वाहतूक हा मात्र कायमचा अडसर आहे: राज्यातील मोठी केंद्रे विदर्भात, तर बांधकामाची मोठी मागणी मुंबई-पुणे पट्ट्यात आहे.