वीस हजार माणसांच्या ग्रहावर एक खून

जागा मुबलक, माणसे मोजकी आणि कामाला यंत्रमानवांच्या फौजा. अशा सुखी ग्रहावर खून का व्हावा? आयझॅक असिमोव्ह यांची ‘द नेकेड सन’ ही कादंबरी खुन्याचा शोध घेता घेता माणसाच्या एका हरवलेल्या गरजेपर्यंत जाऊन पोहोचते.

माणसाने अंतराळात वसवलेल्या ५० ग्रहांपैकी सोलारिया हा एक. लोकसंख्या अवघी २० हजार आणि ती वाढू द्यायची नाही, असा दंडक. प्रत्येकाची दूरवर पसरलेली जहागीर आणि दिमतीला सरासरी १० हजार यंत्रमानव. स्वयंपाक, शेती, झाडलोट, सारे तेच करणार. मारामारी ठाऊक नाही, म्हणून पोलीसही नाहीत.

अशा ठिकाणी एके दिवशी रिकेन डेलमार हा शास्त्रज्ञ डोके फुटून मरून पडलेला सापडतो. जवळ त्याची पत्नी ग्लॅडिया आणि एक बिघडलेला यंत्रमानव. हत्यार मात्र कुठेच नाही! तपास कसा करायचा हेच तेथे कोणाला माहीत नसल्याने पृथ्वीवरून एलायजा बेली या गुप्तहेराला पाचारण केले जाते. त्याचा जोडीदार आर. डॅनील ऑलिव्हॉ, हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव.

आव्हान स्वीकारले

विज्ञानकथेत रहस्यकथा जमणारच नाही, असे संपादक जॉन कॅम्पबेल यांचे मत होते. गुप्तहेर ऐनवेळी खिशातून एखादे अजब यंत्र काढणार आणि खुनी पकडणार, मग वाचकाने डोके कशाला चालवायचे? असिमोव्ह यांनी ते खोडून काढायचे ठरवले. १९५४ साली ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ आली आणि १९५७ साली त्याच जोडगोळीची ही दुसरी कादंबरी.

त्यांची युक्ती सोपी होती. त्या जगाचे नियम आधीच वाचकापुढे मांडायचे. यंत्रमानव माणसाला इजा करू शकत नाही, हा पहिला नियम. मग यंत्रमानवाच्या हातून विषप्रयोग कसा होईल? बेली ते उलगडून दाखवतो. एका यंत्रमानवाने पेल्यात काहीतरी मिसळायचे. ते पुढे कोणी पिणार आहे, हे त्याला सांगायचे नाही. दुसऱ्याने तो पेला नेऊन द्यायचा; त्यात काय आहे, हे त्याला ठाऊक नाही. दोघेही निर्दोष, माणूस मात्र मेला! नियम मोडला नाही, फक्त फसवला.

प्रत्यक्ष भेट नको

खरे रहस्य मात्र सोलारियाच्या माणसांत आहे. ही माणसे एकमेकांसमोर येतच नाहीत. गप्पा होतात त्या दूरवरून पाठवलेल्या त्रिमितीय प्रतिमांशी. समोरासमोर बसणे, दुसऱ्याचा श्वास जवळ जाणवणे, हे त्यांना किळसवाणे वाटते. नवराबायकोही ठरवून दिलेल्या दिवशीच भेटतात. एक समाजशास्त्रज्ञ धीर करून बेलीला प्रत्यक्ष भेटतो खरा. पण बोलता बोलता त्याला ते असह्य होते आणि तो खोलीतून पळ काढतो.

मुले आईबापांजवळ नसतात, ती केंद्रात वाढवली जातात. लहानपणी त्यांना कुणीतरी जवळ घ्यावेसे वाटते. ही ओढ शिकवून शिकवून घालवली जाते.

बेलीची गत उलट आहे. पोलादी छताखालच्या नगरांत राहणाऱ्या ८०० कोटींपैकी तो एक. माणसांच्या गर्दीची त्याला सवय. उघडे आकाश पाहिले की त्याला घेरी येते. असिमोव्ह यांना स्वतःलाही बंदिस्त जागा आवडत आणि विमानाची भीती वाटे. (त्यांनी कित्येक शतकांनंतरच्या पृथ्वीसाठी कल्पिलेला ८०० कोटींचा आकडा पृथ्वीने २०२२ मध्येच गाठला!)

पडदा आणि स्पर्श

खुनी कोण, हे पुस्तकातच वाचलेले बरे. पण परतल्यावर बेली वरिष्ठांना जे सांगतो, ते महत्त्वाचे. सोलारियाने माणसांचे एकत्र राहणे, एकमेकांच्या मदतीने काम करणे सोडून दिले. पृथ्वीनेही स्वतःला छताखाली कोंडून घेतले. दोघीही आपापल्या भिंतींआड.

२०२० च्या टाळेबंदीत घरोघरी आजीआजोबांनी नातवंडे मोबाइलच्या पडद्यावरच पाहिली. पण पडद्यावर पाहून कुणाचे मन भरले? दार उघडताच नातवाला उचलून घ्यावेसे वाटलेच. सोलारियाचे दुखणे पडदा हे नाही. पडद्यापलीकडच्या माणसाला भेटावे ही इच्छाच तेथे मेली, हे आहे.

ती साऱ्यांतच मेलेली नाही. निरोप घेताना ग्लॅडिया हातमोजा काढते आणि बेलीच्या गालाला क्षणभर बोटे लावते. त्या ग्रहावर एवढेसे करायलाही केवढे धाडस लागले असेल!