आधी तिचं ऐका

परवा दुपारी शाळेतून आले, ज्वारी निवडायला बसले, तोच शेजारची सून मागच्या दारानं आत आली. तिसरा महिना चालू होता तिला. "काकू, सकाळपासून अंगावरून जातंय. आत्याबाई म्हणतात, पडून राहा, थांबेल आपोआप." तिचा हात हातात घेतला तर अंग तापलेलं, दात वाजताहेत. ज्वारी तशीच टाकली, रिक्षा बोलावली. आमच्या कन्नडच्या दवाखान्यातून तिला लगेच छत्रपती संभाजीनगरला हलवावं लागलं. आता ती बरी आहे. मूल राहिलं नाही. पण ती राहिली.

नंतर तिच्या सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "बाई, पोटात जीव आहे तोवर हात लावू नये म्हणतात. पाप लागतं." मैत्रिणींनो, या बाई दुष्ट नाहीत बरं का! सुनेवर त्यांची माया आहे. पण पापाच्या भीतीनं त्या सकाळपासून थांबल्या होत्या. त्या रात्री मला बेळगावची सविता आठवली.

सविता हालप्पनवर. घर कानडी, माहेर आपल्या उंबरठ्यावरच्या बेळगावचं. शिकून दंतवैद्य झाली आणि नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये गॉल्वे गावी राहायला गेली. २०१२ साली तिला दिवस गेले. मूल तिला हवं होतं, हे आधी ध्यानात घ्या. सतरावा आठवडा होता. २१ ऑक्टोबरला कंबर दुखू लागली म्हणून ती इस्पितळात गेली. मध्यरात्रीनंतर पाणी गेलं. मूल वाचणार नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. तेव्हा सवितानं आणि तिच्या नवऱ्यानं विनवलं, की वाचणारच नसेल तर आता मोकळं करा. उत्तर मिळालं, बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्यानं तसं करता येत नाही. हा कॅथलिक देश आहे, असंही एका परिचारिकेच्या तोंडून निघालं. तिनं ते पुढे चौकशीत कबूल केलं. दुखवायचा हेतू नव्हता, म्हणाली. बुधवारी जंतुसंसर्ग रक्तात भिनल्याचं कळलं, त्याच दिवशी बाळ मृत जन्मलं, आणि २८ ऑक्टोबरला सविता गेली. वय अवघं एकतीस.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा दोष धर्माचा. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण वाचत गेले तसं कळलं, की गोष्ट इतकी सरळ नाही.

याच कॅथलिक धर्मात एक डॉक्टरीणबाई होऊन गेल्या. जियाना बेरेत्ता मोल्ला त्यांचं नाव. इटलीत मिलान शहराजवळ मुलांचा दवाखाना चालवायच्या. तीन मुलं पदरी होती. १९६१ साली पुन्हा गरोदर असताना दुसऱ्याच महिन्यात गर्भाशयात गाठ निघाली. पुढे तीन वाटा होत्या : गर्भपात करायचा, गर्भाशयच काढून टाकायचं, किंवा फक्त गाठ काढून गर्भ राखायचा. तिसरी वाट सगळ्यांत धोक्याची. स्वतः डॉक्टर असल्यामुळे तो धोका त्यांना पुरता ठाऊक होता, तरी त्यांनी तीच निवडली. २१ एप्रिल १९६२ला शस्त्रक्रियेनं मुलगी झाली, आणि २८ एप्रिलला आई गेली. जंतुसंसर्गानंच. वय एकोणचाळीस. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिलं. त्या सोहळ्याला ती मुलगी हजर होती. आईसारखीच डॉक्टर झालेली.

दोघी आया. दोघींना मूल हवं होतं. दोघींचा जीव संसर्गानं घेतला. मग फरक कुठे? जियानाबाईंना निवड करता आली. त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची होती. सवितानं मागितलं ते कुणी दिलं नाही. तिच्यावर दुसऱ्यांचा नियम चालला. स्वतःहून केला तो त्याग. दुसऱ्याकडून करवून घेतला, तर त्याला त्याग कसं म्हणायचं?

बरं, कॅथलिक चर्चची शिकवणसुद्धा आईला मरू द्या असं सांगत नाही. जाणूनबुजून केलेला गर्भपात चर्चला मान्य नाही, हे खरं. पण आईच्या आजारावर आवश्यक तो इलाज करताना, हेतू नसूनही गर्भ गेला, तर तो दोष धरत नाहीत. जियानाबाईंचं गर्भाशय काढलं असतं तरी ते त्यांच्या धर्माला सोडून झालं नसतं. सविता गेल्यावर आयर्लंडच्या बिशपांनीही सांगितलं, की आईपेक्षा मुलाचा जीव मोठा, असं चर्चनं कधी शिकवलेलं नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तर गर्भपाताच्या पापाला क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. पाप म्हणणं त्यांनी सोडलं नाही, पण बाईला दार बंद केलं नाही.

मग सविता गेली कशानं? १९८३ साली आयर्लंडच्या घटनेत आई आणि गर्भ यांच्या जिवाचा हक्क सारखा, असं कलम घातलं गेलं. म्हणून डॉक्टर आईचा जीव पुरता धोक्यात येण्याची वाट पाहत बसले. शिवाय साधी देखभालही चुकली. सरकारी तपासणीत तिला वाचवण्याच्या तेरा संधी हुकल्याचं निघालं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. पीटर बॉयलन यांनी चौकशीत साक्ष दिली, की सोमवारी किंवा मंगळवारी मोकळं केलं असतं तर बहुधा ती वाचली असती. बेळगावच्या तिच्या वडिलांनी दूर बसून आयरिश लोकांना हात जोडले. २५ मे २०१८ला तिथल्या सहासष्ट टक्के मतदारांनी ते कलम काढून टाकलं. नव्या कायद्यात डॉक्टरच्या श्रद्धेलाही जागा आहे. मनाला पटत नसेल तर त्यानं करू नये. पण बाईला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवलं पाहिजे, आणि जीव धोक्यात असेल तेव्हा मागे हटता येत नाही. मला हे न्यायाचं वाटतं.

आणि जिवाची काळजी म्हणजे केवळ 'पाडू नका' म्हणणं नव्हे. आपल्या पुण्यात १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांना सांगितलं, इथे या, सुखरूप बाळंत व्हा. त्यांनी मूल वाचवलं ते आईला जवळ घेऊन.

आपला कायदा १९७१चा, २०२१ साली सुधारलेला. तो आपल्यातल्या किती जणींना माहीत असतो? म्हणून चार गोष्टी सांगते. वीस आठवड्यांपर्यंत, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, एका पात्र डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तो ठरावीक स्त्रियांनाच करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तिचा जीव वाचवायला तातडीनं गरज असेल, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. मात्र मुलगी आहे की मुलगा हे तपासणं गुन्हा आहे, तेही विसरू नका.

आणि घरातली गोष्ट. गरोदर बाईच्या अंगावरून जात असेल, मुदतीआधी पाणी गेलं, ताप-थंडी वाजली, घाण वास आला, छाती धडधडू लागली, तर 'पडून राहा' म्हणू नका. तेव्हा तासातासाला महत्त्व असतं.

काल शेजारच्या सासूबाई वाटीभर शिरा घेऊन आल्या. म्हणाल्या, "सूनबाई दोन घास जेवली आज." मग जरा थांबून, पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "सकाळीच तिचं ऐकायला हवं होतं हो."

मी काही बोलले नाही. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.